डोळे मिटून ऐकायचे पान

मी एक जुनी चित्रकथा आहे आणि मला शेवटचे पान नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर तुम्ही मला उलटीपालटी करून बघाल, माझ्या शिवणीत बोटे घालाल आणि या वयात मला उगीच ओशाळायला होईल.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. सत्तर साल नुकतेच उलटले होते. माझ्या पोटात वादळ्याची गोष्ट होती. वादळ्या म्हणजे डोंगरातला एक गुराखी. काळ्या घोंगडीची खोळ डोळ्यांपर्यंत ओढून तो कड्यावर उभा राही आणि दोन बोटे तोंडात घालून शीळ घाली. ती शीळ ऐकली की वारा मुकाट्याने त्याच्यामागे चालू लागे. अशा त्याच्या पुष्कळ चित्रकथा निघाल्या, पण मी पहिली. मला याचा गर्व होता आणि अजूनही थोडा आहे.

छापताना एक चूक झाली. लाल रंग जागेवरून सरकला आणि वादळ्याच्या ओठांचा रंग पानोपानी त्याच्या गालावर उमटला. इतर प्रती बहुधा नीट निघाल्या असाव्यात. माझ्यातला वादळ्या मात्र गालावर तांबडा ओरखडा घेऊनच जन्माला आला. ही चूक लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून भांडण व्हायचे आहे.

शहरातल्या एका पोराने मला वाचले, पुन्हा वाचले आणि मग तो मला विसरला. मग मी रद्दीत गेले. रद्दीच्या गठ्ठ्यातून मी पौडच्या बाजारपेठेत मोहिद्दीनभाईंच्या किराणा दुकानात येऊन पडले. मोहिद्दीनभाई एका हाताने तराजू धरत आणि दुसऱ्या हाताने न बघता कागद ओढत. एके दिवशी त्यांच्या हाती मी लागले. त्यांनी माझे शेवटचे पान टर्रकन फाडले, त्याची पुडी केली, तिच्यात बडीशेप भरली आणि गिऱ्हाइकाला दिली. माझा शेवट असा बडीशेपेबरोबर कुणाच्या तरी घरी गेला. ते दुसऱ्या पानाला हात घालणार, तेवढ्यात त्यांची मुलगी मुनीरा शाळेतून आली आणि तिने बापाचे मनगट धरले.

"अब्बा, यात चित्रं हायेत," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी मुनीराची झाले. तिने मला खाकी कागदाचे कव्हर घातले. दुपारी दुकान थंड असले की ती फळीवर बसून मला मोठ्याने वाची आणि खाली पोरांचे कोंडाळे जमे. तिचा भाऊ नसीर असे, हॉटेलवाल्यांचा कुशाबा असे. आणि अगदी जवळ, मुनीराच्या गुडघ्याला टेकून, जया बसे. जया शेतकऱ्याची पोर, मुनीराच्याच वयाची. ती शाळेत जात नव्हती. घरी म्हशी होत्या आणि आई धोंडाबाईच्या हाताखाली दुसरे कुणी नव्हते. जयाला अक्षर येत नव्हते, पण माझे एकेक चित्र तिने डोळ्यांनी चाटून पुसून घेतले होते.

माझ्या गोष्टीचा शेवटचा भाग असा आहे. नदीला पूर येतो, माणसांनी भरलेली नाव भोवऱ्यात सापडते. वादळ्या शीळ घालून वाऱ्याला नावेमागे लावतो आणि स्वतः पाण्यात उडी घेतो. नाव काठाला लागते. वादळ्या दिसत नाही. सगळे घरी जातात, फक्त त्याची धाकटी बहीण घाटावरच्या झाडाला कंदील टांगते आणि खाली बसून राहते. इथे माझे उरलेले शेवटचे पान संपते. पुढे काय होते ते बडीशेपेला ठाऊक.

पहिल्यांदा मुनीरा इथवर आली तेव्हा पान नाही हे सांगायला तिने तोंड उघडले होते. मी तिच्या मांडीवर होते, मला तिचा श्वास कळला. पण तिने खाली पाहिले आणि तिला जयाचा चेहरा दिसला.

त्याच आठवड्यात जयाचा थोरला भाऊ भैरू घर सोडून गेला होता. जत्रेला तंबूचा सिनेमा आला होता. वादळ्यावरचा पहिला, काळापांढरा सिनेमा होता तो. भैरूने जयाला खांद्यावर बसवून तो दाखवला होता. सिनेमाच्या नादापायी वैरण राहिली म्हणून बापाने त्याला चारचौघांत थोबाडीत मारली, आणि तंबू उठला तेव्हा भैरू तंबूवाल्यांच्या ट्रकमधून निघून गेला. जाताना त्याने जयाला सांगितले होते की येईन. कधी ते सांगितले नव्हते.

मुनीराने मला अलगद मिटले. म्हणाली, आता शेवटचे पान. हे पान डोळे मिटून ऐकायचे असते, उघडे ठेवले तर वादळ्या येत नाही. पोरांनी डोळे मिटले. मग त्या अकरा-बारा वर्षांच्या पोरीने मनानेच पान रचले. पहाटे वारा येतो आणि कंदील विझतो. बहीण घाबरून मागे बघते, तर ओल्या घोंगडीत तो उभा. तो म्हणतो, "बाय, कंदील उतरव आता. मी आलोय."

जयाने डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतूनच पाणी आले आणि तिने मुनीराचा गुडघा घट्ट धरला. मित्रांनो, माझ्यात छापलेले जे उरले आहे ते सगळे मला पाठ आहे, पण खरे सांगते, ते पान माझ्या कुठल्याही पानापेक्षा चांगले होते.

त्यानंतर किती वेळा मला वाचले गेले! दर वेळी शेवटाला पोरे आपसूक डोळे मिटत. पोरांची मिसरूडे फुटली तरी हा रिवाज मोडला नाही. मला कुणाच्या हातात द्यायचे नाही, हाही मुनीराचाच दंडक. आणि तिकडे जया दिवे लागले की दाराच्या चौकटीला कंदील टांगू लागली. पहिल्या वर्षी लोकांना तिची कीव आली, नंतर ते हसू लागले, पुढे सवय झाली. त्या घराची खूणच झाली ती. कंदिलाचे घर म्हटले की पोस्टमनही बरोबर जाई, पण त्याच्या पिशवीत तिथे द्यायला काही नसे.

जया उपवर झाली. चांगली स्थळे आली. धोंडाबाईने समजावले, रागावली, अबोला धरला. जयाचे एकच. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. तो कान भैरूदादाच पिळणार, दादा आल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. दोन स्थळे अशीच परत गेली. चुलतभाऊ होते की कानपिळीला, पण तिला ते चालत नव्हते. वादळ्या आला, तसा दादा येईल. मुनीराने वाचून दाखवले होते ना, पुस्तकात छापले होते. मुनीरा हे ऐके आणि मला कपाटात अजून आत सरकवी. पण सांगत काही नसे. सांगायचे कुठून, हे तिला सुचत नसावे.

आणि मग ऐंशी सालच्या सुमाराला बातमी आली की वादळ्याचा सिनेमा पुन्हा मुळापासून काढलाय. रंगीत. आणि जत्रेला तंबूत येणार.

मित्रांनो, त्या दिवसांत मोहिद्दीनभाईंचे दुकान म्हणजे कोर्ट झाले होते. जुन्या सिनेमावर सगळ्यांचाच राग. त्यात वादळ्याला पीळदार मिशी दिली होती, घोंगडीऐवजी चकचकीत झूल घातली होती, आणि ऐन पुरात तो गाणे म्हणत होता. नव्या सिनेमाची जाहिरात चिकटली, तिच्यावर लिहिले होते, 'अस्सल पुस्तकाबरहुकूम'. कुशाबाने ती जाहिरात माझ्या पहिल्या पानाशेजारी धरली. घोंगडी बरोबर, खोळ बरोबर, मिशी नाही. तो खूश झाला. नसीर मात्र बारकाईने बघत राहिला आणि म्हणाला, "ओरखडा कुटं हाय?"

झाले. छापखान्यातली ती तांबडी चूक! आमच्या पौडच्या पोरांना ती वादळ्याची खूण वाटत आली होती. तो ओरखडा वाघाच्या पंज्याचा की कड्याच्या दगडाचा यावरही त्यांच्यात दोन तट होते. ओरखड्याशिवाय वादळ्या म्हणजे पुस्तकाशी बेइमानी, असे नसीरचे म्हणणे. रंगरंगोटीत राहिला असेल, शेवट बरोबर असला म्हणजे झाले, असे कुशाबाचे. दोघे हमरीतुमरीवर आले. शेवटी ठरले की मला तंबूत न्यायचे आणि पानागणिक पडताळा घ्यायचा. जो हरेल त्याने सगळ्यांना भेळ द्यायची. मुनीरा नको नको म्हणत होती. तिचे कोण ऐकतो?

जया या वादात पडली नाही. तिने फक्त एवढे विचारले की तंबूवाले कुठून कुठून फिरून येतात. तिने नवे पातळ नेसून तंबूच्या दारातल्या, खांबाजवळच्या, इंजिनाजवळच्या प्रत्येक माणसाचे तोंड निरखून पाहिले. भैरू त्यांत नव्हता. मग ती मुनीराशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "असूं दे. पडद्यावर तर येईल."

मी मुनीराच्या पिशवीत होते. तिने पिशवीचे तोंड मुठीत आवळून धरले होते.

पहिला खेळ सुरू झाला. काय सांगू तुम्हाला, मला भरून आले. कडा तोच, शीळ तीच. ज्याने हा सिनेमा काढला त्याने माझ्यासारखीच एखादी प्रत उशाशी ठेवली असणार. पोरे तर पुढचे संवाद आधी म्हणत होती आणि नसीरही ओरखडा विसरला होता. पूर आला, नाव वाचली, बहिणीने कंदील टांगला. आता तंबूतल्या आमच्या पोरांनी काय केले ठाऊक आहे? मिसरूडे फुटलेल्या त्या पोरांनी सवयीने डोळे मिटले.

जयाने मिटले नाहीत. तिला दादाला येताना बघायचे होते.

पडद्यावर पहाट झाली. पाणी उतरले. काठावरच्या चिखलात नुसती घोंगडी अडकलेली होती. बहिणीने ती उचलली, पिळली आणि कंदिलाशेजारी वाळत घातली. कंदील जळत राहिला. 'समाप्त' अशी अक्षरे आली.

वादळ्याचा आवाज आला नाही तेव्हा पोरांनी डोळे उघडले. मग कुशाबा बाकावर चढला आणि ओरडू लागला की हे खोटे आहे, पुस्तकात वादळ्या येतो. पोरांनी तंबू डोक्यावर घेतला. तंबूचे मालक हैबतराव बाहेर आले, फेटा सावरत. माणूस भला होता. त्यांनी शांतपणे सांगितले की बाबांनो, माझ्या पोराने पुस्तक वाचलेय, पुस्तकात हा असाच मरतो, म्हणून तर लोक रडायला येतात.

"आमच्याकडं पुस्तक हाय," नसीर म्हणाला. "मुनीरा, काढ."

तिकिटाच्या खिडकीपाशी दिवा होता. त्याच्याखाली मला ठेवले. कुशाबाने एकेक पान उलटले, कंदिलाच्या पानावर आला, ते उलटले, आणि पुढे माझे मागचे कव्हर होते. त्याने पुन्हा उलटून पाहिले. मग तो म्हणाला की आत्ता गर्दीत पडले असेल. आणि सगळे जण शोधायला लागले. कुणी बॅटरी आणली, कुणी काड्या ओढल्या. बाकांखाली, शेंगांच्या टरफलांत, चिखलात ती मोठी मोठी पोरे गुडघ्यांवर बसून माझे पान शोधत होती. हैबतरावही वाकले. मला वाटले, मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

मुनीरा उभी होती. "शोधू नका," ती म्हणाली. "ते पान आमच्याकडं कधी नव्हतंच. मी मनानं सांगितलं."

सगळे थांबले. कुणी रागावलेही नाही, कारण काय ऐकले तेच कुणाला नीट उमगले नव्हते. जया पुढे आली. तिने माझ्यावर बोट ठेवले, जिथे पान असायला हवे होते तिथे. तिथे नुसता फाटका काठ होता. तिने तो चाचपला.

"म्हंजी त्यो येत न्हाई," ती म्हणाली.

"जया, तू रडत व्हतीस त्या येळी. मला सुचलं तसं मी—"

"मी डोळे मिटले व्हते गं," जया म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून."

एवढेच. पदर डोक्यावर घेऊन ती चालू लागली. त्या दिवशी तिने चौकटीवरचा कंदील उतरवला. कुणी आलेले नव्हते.

पुढचे मी दुकानात कानावर आले तेवढेच जाणते. जया लग्नाला तयार झाली. कासार आंबोलीचे स्थळ होते, माणसे चांगली. कान एका चुलतभावाने पिळला. त्याने हळूच पिळला आणि जया त्याला म्हणाली म्हणे, "जोरात पीळ, दादानं पिळला असता तसा." मांडवात रडू फुटले ते तेव्हा. मुनीरा गेली होती, बायकांच्या मागे उभी होती. अक्षता टाकल्या आणि परत आली. जयाने तिच्याकडे पाहिले नाही.

वर्षभरात मुनीराचे लग्न झाले आणि ती कऱ्हाडच्या बाजूला गेली. निघताना तिने मला पिशवीत घातले, पुन्हा बाहेर काढले आणि फळीवरच्या कप्प्यात ठेवले. बापाला म्हणाली, "अब्बा, जया मागायला आली तर तिला द्या." माहेरी येई तेव्हा आधी त्या कप्प्याकडे बघे. मी तिथेच असे. तिचा चेहरा पडे, आणि माझाही पडत असणार, पण पुस्तकाचा चेहरा कोण बघतो? पावसाळ्यांत माझी पाने फुगली, कसर लागली. मोहिद्दीनभाई वारले. नसीर कामधंद्यासाठी बायकापोरे घेऊन कुठे लांब गेला. दुकान दुसऱ्याने घेतले, कप्प्यातल्या सामानासकट.

तो नवा दुकानदारही एका हाताने तराजू धरी आणि दुसऱ्या हाताने न बघता कागद ओढी. एके दिवशी त्याने मला ओढले आणि कंदिलाच्या पानाला हात घातला. पान अर्धे फाटले होते. इतक्यात समोरच्या बाईने त्याचे मनगट धरले.

"ते ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली. "हळद मी पदरात घेते."

जया होती ती. अंगाने भरली होती, कानाजवळ पांढरे केस आले होते, शेजारी परकराचा घोळ सावरत एक पोर उभी होती. जयाने मला पिशवीत घातले आणि दुकानदाराला विचारले की मोहिद्दीनभाईंची मुनीरा हल्ली कुठे असते. त्याला माहीत नव्हते. तिने बाजारात आणखी दोघांना विचारले. कुणी कऱ्हाड म्हणाले, कुणी म्हणाले की तिथूनही बिऱ्हाड हलवले.

आता मी कासार आंबोलीत असते. माझे फाटलेले पान जयाने सुईदोऱ्याने शिवले आहे, गोधडीला घालतात तसे टाके घालून. तिची मुलगी सुगंधा दुसरीत आहे. ती अक्षराला अक्षर जोडून मला वाचते, अडखळते, आणि आई चूल फुंकत ऐकते. वादळ्याच्या गालावर ओरखडा कसला, असे पोरीने विचारले तर जया सांगते, वाघाचा. पहिल्यांदा पोर कंदिलाच्या पानाशी आली, पान उलटले आणि थांबली.

"आई, फुडचं पान न्हाई."

जया चुलीपासून उठली. हात पुसले आणि मला मांडीवर घेऊन मिटले.

"हाय," ती म्हणाली. "डोळे मीट."

आणि तिने सांगितले, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. पहाट, वारा, विझलेला कंदील, ओली घोंगडी. पोरीने डोळे घट्ट मिटले होते. जयाचे उघडे होते आणि ते दाराकडे लागले होते. दारात कुणी नव्हते. भैरू आलेला नाही, मित्रांनो. तो येईल असे आता तिलाही वाटत नाही. तरी ती ते पान सांगते.

माझ्यासारखी पुस्तके आपल्या वाचकांकडे शेवटी काहीतरी मागतात. पाने फाडू नका, ओल्या हाताने धरू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलेच असेल. माझे मागणे निराळे आहे. मला पाय नाहीत आणि मुनीराचा पत्ता जयाला मिळालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला कऱ्हाडकडे किंवा आणखी कुठे पौडची मुनीरा भेटली, जिला तिच्या एका जुन्या खोटेपणाने अजून झोप लागत नाही, तर तिला माझा एवढा निरोप सांगा. म्हणावे, ते पान हरवलेले नाही. जया ते रोज सांगते. बाय, कंदील उतरव आता.